मधल्या खणातली ओल

आमच्या ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या छापील रिपोर्टच्या, दुसऱ्या पानावर सर्टिफिकेट आहे. चौघांची नावं, गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, एक्स्टर्नलची (बाहेरून आलेल्या परीक्षकांची) सही, आणि मजकूर असा की ह्या विद्यार्थ्यांनी बीईचा प्रोजेक्ट समाधानकारकरीत्या पूर्ण केला, मे २०१९. सह्या खऱ्या, शिक्का खरा. पण मला विचाराल तर आमचा प्रोजेक्ट तेव्हा पूर्ण झालाच नव्हता. तो झाला त्याच वर्षी दिवाळीत, चांदवड तालुक्यात आमच्या घरामागच्या कांद्याच्या चाळीत, आणि तेव्हा चौघांपैकी तिथे मी एकटीच होते.

दरवर्षी जुलै आला की गावाकडची, नात्यातली कुणी ना कुणी मुलं फोन करतात, ताई टॉपिक सुचव, ताई तुमचा काय होता. दर वेळी फोनवर अर्धवट सांगते आणि राहून जातं. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते.

ज्यांनी चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. उन्हाळ कांदा आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये निघतो, हाच काय तो टिकणारा कांदा. खरिपाचा लाल आणि त्यानंतरचा रांगडा काढला की विकावा लागतो, तो ठेवता येत नाही. उन्हाळ मात्र नीट सुकवून, पात कापून, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढून चाळीत भरला की भाव बघत बघत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ठेवतात. आमची चाळ एक पाखी, म्हणजे एकाच रांगेची, चाळीस फूट लांब, आतून चार फूट रुंद, पाच फुटांपर्यंत माल, म्हणजे सव्वाशे क्विंटलच्या आसपास. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूला आडवा लागतो आणि आरपार जातो. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो, तिथूनही हवा वर यायला पाहिजे. सगळा खेळ हवेचा आहे. साठवणीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी असं राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या माहितीत मी प्रोजेक्टच्या वेळी वाचलं, पण घरी हे आकडे कुणाला माहीत नसताना पण सगळ्यांना माहीत होतंच, की पावसाळ्यात कोंदट झालं की माल गेला.

आणि तो जातो कसा, ते एकदा हात घातल्याशिवाय कळत नाही. वरून बघितलं तर ढीग एकदम चांगला, लालसर, कोरडा, सालपटं वाजतात. आत कुठेतरी एक कांदा मऊ पडतो, त्याचं पाणी खालच्यावर गळतं, मग तो, मग त्याच्या खालचा, अशी एक धार वरून खाली जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. मी सातवी-आठवीत असताना गणपतीच्या सुट्टीत चाळ फोडायला बसायचे, आणि चांगल्या कांद्यातून हात आत गेला की अचानक कोमट, चिकट असं काहीतरी लागायचं. तो वास दोन दिवस हाताला राहायचा. वजनातली घट, सड आणि पुढे कोंब, सगळं मिळून ३०-४० टक्के माल साठवणीत जातो असं पुस्तकात लिहितात, पण माझ्यासाठी ती टक्केवारी म्हणजे तो कोमट स्पर्श आहे.

तर बीईच्या सुरुवातीला, जुलै २०१८ मध्ये, टॉपिक द्यायची वेळ आली. मी ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनला) होते, पुण्यात. आमचा ग्रुप चौघांचा, मी, एक कराडचा, एक परभणीची आणि एक पिंपरीत वाढलेला. नावं नको, गावांनीच लिहिते, हॉस्टेलला तशीही हीच नावं चालायची. तेव्हा पुण्यात रेडीमेड प्रोजेक्ट मिळायचे, आजही मिळतात, मॉडेल, कोड, पीपीटी, रिपोर्ट सगळं एकत्र, वर व्हायवाची (तोंडी परीक्षेची) प्रश्नोत्तरं पण. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी घेतले. मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण सातव्या सेमिस्टरला प्लेसमेंट चालू असते, कुणाची केटी (मागचा नापास विषय) राहिलेली असते, कुणाच्या घरून लोन असतं, आणि प्रोजेक्टला वेळ द्यायचा म्हणजे ॲप्टिट्यूडचा वेळ कापायचा. पण मला वाईट वाटायचं आणि अजून वाटतं. चार वर्षांत आपल्याला कुणी एकदाच म्हणतं की तुझा प्रश्न तू आण, आणि तो एकच प्रश्न आपण विकत आणतो.

मी म्हटलं चाळ करू. गॅसचे सेन्सर लावू, तापमान-आर्द्रता घेऊ, सड सुरू झाली की शेतकऱ्याला एसएमएस. कराडकर लगेच हो म्हणाला, त्याच्या घरी ऊस आहे पण शेती म्हटलं की तो येतोच. सिनॉप्सिसमध्ये आम्ही लिहिलं की सड दिसायच्या आधीच ओळखणारी यंत्रणा. ते 'आधीच' मी घातलं होतं, आणि पुढे सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती, ती म्हणजे कॉलेजचं वर्ष आणि कांद्याचं वर्ष उलटं चालतं. सड लागते जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरला. तेव्हा आम्ही पेपर वाचत होतो, लॉगबुकवर दर आठवड्याला सह्या घेत होतो, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांमध्ये सेन्सरचे भाव विचारत फिरत होतो. हातात चालणारी वस्तू आली जानेवारीत, आणि तोपर्यंत घरची चाळ रिकामी. रिकामी पण कशी झाली ते सांगते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये उन्हाळ कांद्याचा भाव इतका पडला की निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो विकून आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले, ती बातमी सगळीकडे होती. आमचे पेपर तोंडावर होते, मी होस्टेलला, आणि नाना (माझे वडील) फोनवर एवढंच म्हणाले, "चाळ मोकळी केली." किती विकला, किती फेकला, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण जे करू राहिलोय ते मार्कांसाठी नाहीये.

आता थोडं तांत्रिक, कारण ज्यांना प्रोजेक्ट करायचाय त्यांना इथेच उपयोग होईल. आम्ही आधी नोडएमसीयू हा कंट्रोलर बोर्ड घेतला, स्वस्त आणि वायफाय आत. पण त्याला ॲनालॉग पिन एकच असते आणि आम्हाला गॅसचे तीन सेन्सर लावायचे होते, शिवाय चाळीत वायफाय कुठून आणणार. मग आर्डुइनो उनो, त्याला सहा ॲनालॉग इनपुट. गॅससाठी एमक्यू-१३५, तापमान-आर्द्रतेसाठी डीएचटी-२२, आणि मेसेजसाठी सिम-८००एल हा मॉड्यूल. ह्या सिम-८००एल ने आमचा आख्खा जानेवारी खाल्ला. जिओचं सिम त्यात चालत नाही कारण मॉड्यूल फक्त २जी वर चालतो आणि जिओला २जी नाही, हे कळायलाच दोन दिवस गेले. त्यावर एक बारीक एलईडी असतो. नेटवर्क शोधत असला की तो सेकंदाला एकदा लुकलुकतो, आणि नेटवर्क मिळालं की तीन सेकंदांनी एकदा. आम्ही चौघं लॅबमध्ये त्या एलईडीकडे बघत मनात आकडे मोजायचो. एक, एक, एक, एक, मग एकदम एक, दोन, तीन. सापडलं! मग मेसेज पाठवायची कमांड द्यायची, आणि त्याच क्षणी तो बंद पडून परत एक, एक, एक. दिवसभर हेच. कोड बदलला, लायब्ररी बदलली, अँटेना बदलली, दुसरा मॉड्यूल आणला तरी तेच.

कारण कोडमध्ये नव्हतंच. हा मॉड्यूल मेसेज पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो, आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच्या मधेच राहायला लागतं. आमच्या बारीक लांब जंपर वायरींमधून तेवढा करंट आला की व्होल्टेज कोसळायचं आणि तो रिसेट व्हायचा. हे सापडलं परभणीवालीला, तिने लॅब असिस्टंट सरांकडून सीआरओ (व्होल्टेजची रेषा दाखवणारं यंत्र) मागून घेतला आणि सप्लायच्या पिनवरच प्रोब लावला, आणि मेसेजच्या क्षणी रेषा खाली जाताना आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. मग बक कन्व्हर्टरचा (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटचा) स्क्रू फिरवून ४.१ व्होल्ट, मॉड्यूलच्या अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, जाड आखूड वायरी, झिरो पीसीबीवर सोल्डर. पहिला मेसेज आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, लॅब बंद करायला शिपाई काका उभे होते, आणि त्यांच्याच हातात मोबाईल देऊन आम्ही दुसरा मेसेज त्यांना पाठवून दाखवला. चार वर्षं मी इंटर्नल रेझिस्टन्सची गणितं सोडवत होते, पण वायरीला रेझिस्टन्स असतो हे मला त्या दिवशी कळलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये टेस्टिंग. चाळ नाही म्हणून थर्माकोलचा खोका. मार्केट यार्डातून दहा किलो रांगडा आणला, तो तसाही लवकर खराब होतो. खोका ठेवला आमच्या होस्टेलच्या खोलीत, माझ्या कॉटखाली. रूममेट्सनी महिनाभर तो वास सहन केला, रेक्टर मॅडमनी दोनदा विचारून तिसऱ्यांदा परवानगी दिली, ह्या सगळ्यांची नावं आभाराच्या पानावर आहेत आणि ते पान मी सगळ्यात मनापासून लिहिलंय. आकडे छान येत होते. साध्या हवेला सेन्सर १८० च्या आसपास दाखवायचा, पूर्ण सडलेल्या कांद्यात ४०० च्या वर जायचा. पण आम्हाला तर 'आधीच' ओळखायचं होतं ना, म्हणून जेव्हा एखाद-दुसरा कांदा नुकता मऊ पडतो तेव्हाचा आकडा घेतला, तो यायचा २०५-२१०. मग अलार्मची रेषा आम्ही २०० वर ठेवली. रिव्ह्यूला सर खूश. आलेख सरळ वर चढत जाणारा, खाली लाल रेषा, सगळं पुस्तकात असतं तसं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, चौघांच्या मोबाईलवर मेसेज आला की सड सुरू. त्या दिवशी मी खोका धुऊन पुसून रिकामा ठेवला होता. आत एकही कांदा नव्हता.

उठून दिवा लावला. झाकण अर्धवट सरकलेलं, आणि वर कॉटच्या दांडीवर मी संध्याकाळी धुतलेला टॉवेल वाळत टाकला होता, त्याचं एक टोक खोक्यात लोंबत होतं. आतली आर्द्रता ८८ टक्के. गॅसचा आकडा २०४.

मी खाली फरशीवर बसून राहिले. टॉवेल काढला, पंधरा-वीस मिनिटांत आकडा खाली यायला लागला. परत घातला, परत चढला. ह्या सेन्सरवर आर्द्रतेचा परिणाम होतो हे डेटाशीटमध्ये आलेख काढून दिलेलं आहे, आम्ही तो आलेख रिपोर्टमध्ये पेस्टही केला होता. पण वाचणं वेगळं. पावसाळ्यात चाळीतली आर्द्रता ५० वरून ९० वर जाणार, म्हणजे आमची यंत्रणा पाऊस आला की सड आली म्हणून सांगणार. नुकती लागलेली सड आणि ओला टॉवेल ह्यात तिला फरकच कळत नव्हता. आणि पूर्ण सडलेला कांदा तिला कळत होता, पण तो तर माझ्या आजीला चाळीच्या बाहेरून कळतो.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आमचं चांगलंच वाजलं. पिंपरीवाला म्हणाला, कुणाला सांगायचं नाही, एक्स्टर्नल दहा मिनिटं बघणार, खोक्यात सडका कांदा ठेवू, अलार्म वाजेल, विषय संपला. त्याचं म्हणणं मी आज समजू शकते. त्याला ऑफर लेटर होतं, त्यात टक्केवारीची अट होती, आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. परभणीवाली म्हणाली की आर्द्रतेचा सेन्सर आहेच ना शेजारी, तो वापरून आकडा दुरुस्त करू. ते केलं. पाच रात्री खोक्यात कांद्याऐवजी नुसती पाण्याची वाटी ठेवली, आर्द्रता आणि गॅसचा आकडा दर दहा मिनिटांनी लिहिला, त्यावरून उतार काढला आणि तेवढा आकडा वजा करायला लागलो. टॉवेलचा अलार्म थांबला. पण त्याबरोबर नुकत्या सडीचा फरकही त्या चढ-उतारात बुडाला, कधी दिसायचा, कधी नाही. दोन्ही एकदम जमेना.

गाईड मॅडमकडे गेलो. मला भीती होती की त्या म्हणतील आता शेवटच्या क्षणी काही बदलू नका. त्यांनी सगळे आकडे बघितले, पाच रात्रींची शीट दोनदा वर-खाली केली आणि म्हणाल्या, "हे सहाव्या चॅप्टरमध्ये घाला. टॉवेलसकट. फक्त मोजमाप नीट लिहा, किती पाणी, किती वेळ, किती अंतर." मग पिंपरीवाल्याकडे बघून म्हणाल्या, "तुझे मार्क ह्याने कमी होणार नाहीत, ते माझ्यावर सोड." तो काही बोलला नाही, पण त्या चॅप्टरचे सगळे आलेख त्यानेच बसून काढले, आणि आख्ख्या पुस्तकात तेवढेच आलेख असे आहेत की ज्यांच्या प्रत्येक ठिपक्याची मी आजही खात्री देईन.

व्हायवा मेच्या शेवटी. एक्स्टर्नल सर वयस्कर होते, आलेखांवरून भराभर पुढे जात होते, आणि पाण्याच्या वाटीच्या आलेखापाशी थांबले. हे काय आहे म्हणाले. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमची सिस्टिम लवकर सड ओळखू शकत नाही. मग उपयोग काय?" खोलीत शांतता. पाठ केलेलं उत्तर होतं, फ्यूचर स्कोपचं, ते मला तोंडात येईना. मी म्हटलं, "सर, उपयोग आहे का ते अजून बघितलेलं नाही. आमच्या चाळीत कांदा आत्ता भरलाय. जूनमध्ये डबा तिथे लावणार आहे." त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि पिंपरीवाल्याला कपॅसिटरबद्दल विचारायला लागले. मार्क चांगले पडले, चौघांचेही. ब्लॅक बुकच्या कॉप्या, सोनेरी अक्षरं, नो ड्यूज, फोटो, रडारड, सगळं झालं.

जूनमध्ये कराडकर खरंच घरी आला. एसटीने, पाठीवर बॅग आणि मांडीवर डबा. आम्ही तीन जागी सेन्सर लावले, दोन्ही टोकांना आणि मधल्या खणात, ढिगाच्या आत मधोमध पाईपचे भोकं पाडलेले तुकडे घालून. एमक्यू सेन्सरला आत हीटर असतो, तो सतत तापलेला लागतो, म्हणून छोट्या सेलवर भागत नाही. घरातून वायर ओढली, आणि लाईट गेली तर म्हणून फवारणी पंपाची जुनी १२ व्होल्टची बॅटरी जोडली, रात्रभर आरामात पुरते. आजी खुर्ची टाकून सगळं बघत होती. मला म्हणाली, "काय करू ऱ्हायली गं तू एवढं, मला विचार ना, मी सांगते कुठं वास येऊ ऱ्हायला ते." मी म्हटलं आजी, तू सांगच, तुझंही लिहू. तेव्हा ते सहज बोलून गेले होते.

ऑगस्टला मी हिंजवडीत जॉईन झाले. रोज रात्री नऊला मेसेज यायचा, माझ्या आणि नानांच्या मोबाईलवर, तीन जागा, प्रत्येकी तीन आकडे. त्या वर्षीचा पाऊस आठवत असेल, ४ ऑगस्टला नाशकात गोदावरीला पूर आला होता, आमच्याकडेही झड लागून होती. पीजीच्या खोलीत बसून मी आकडे बघायचे. गॅसचे आकडे सगळीकडे चढलेले, ते पावसाचे, त्यांचं मला आता काही वाटत नव्हतं. पण आर्द्रता बघताना एक दिसलं. टोकांना ७८-८० आणि मधल्या खणात ९१. दुसऱ्या दिवशीही तेच. पाऊस चाळीला सगळीकडे सारखा, वारा सारखा, मग मधेच एवढी ओल का? आधी वाटलं सेन्सरच गेला. नानांना फोन करून मधला आणि टोकाचा सेन्सर आलटून-पालटून लावायला सांगितले. त्यांनी टॉर्च घेऊन तसं केलं, आणि रात्री मेसेज आला, मधल्या खणात ९०. सेन्सर बरोबर होता.

रविवारी नानांनी मधला खण थोडा उघडला तर आतून वाफ आली, आणि चार-पाच क्रेट सडका निघाला. बाकीचा वरून पसरून वारा दिला. पण कारण कळलं नव्हतं. ते कळलं राखीपौर्णिमेला मी घरी गेले तेव्हा. एक वायर सैल झाली होती म्हणून मी चाळीच्या खाली वाकून हात घालायला गेले तर हात जाईना. आत मधोमध ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी, सरपण, मल्चिंगच्या फाटक्या कागदाचे गठ्ठे, सगळं पावसात भिजू नये म्हणून तिथे ढकललेलं, बरोबर मधल्या दहा-बारा फुटांत. दोन वर्षांपासून असेल. खालून हवा यायला जागाच नव्हती. मी आणि भावाने राखी बांधून झाल्यावर नव्या कपड्यांतच ते सगळं उपसलं. पाच दिवसांनी मधल्या खणाचा आकडा ८२ वर आला आणि पुढे टोकांच्या बरोबरीने वर-खाली होत राहिला.

त्याने किती कांदा वाचला हे मी सांगू शकत नाही. शेजारी तशीच दुसरी चाळ, खाली तसंच सामान कोंबलेली, असती तर तुलना करता आली असती. सांगू शकते ते एवढंच की तो खण कोंदला होता, आणि ते त्या डब्यातल्या सगळ्यात साध्या सेन्सरने सांगितलं, ज्याच्यावर आमच्या रिपोर्टमध्ये जेमतेम पाऊण पान होतं.

दिवाळीला गेले तोपर्यंत चाळ रिकामी झालेली. २९ सप्टेंबरला निर्यातबंदी आली, त्याच्या आधी निम्मा गेला होता, बाकीचा नंतर. मी डबा सोडवायला लागले. जाळीत सालपटांचा भुगा अडकलेला, ब्रशने साफ करत होते तेव्हा नाना आतून एक वही घेऊन आले. दुधाच्या हिशोबाची वही, मागच्या बाजूने उलटी लिहिलेली. पेन्सिलने, रोजची तारीख आणि मेसेजचे आकडे. मी म्हटलं नाना, आकडे तर माझ्याकडे आहेतच. ते म्हणाले, "शेवटचं बघ ना."

शेवटच्या रकान्यात रोज सकाळी त्यांनी चाळीत जाऊन काय आढळलं ते लिहिलं होतं. 'वास नाही.' 'वास नाही.' 'मधे वलं लागतं हाताला.' '१३ ऑगस्ट, आई म्हणे घराकडच्या टोकाला वास.' '१४, मला पण.' 'दोन क्रेट काढला.' एकही दिवस सुटलेला नव्हता, जून ते ऑक्टोबर.

वर्षभर आम्हाला हाच रकाना मिळत नव्हता. सेन्सर काय म्हणतो ते आमच्याकडे ढिगाने होतं, कांदा खरंच कसा आहे ते कुठेच नव्हतं. मी तिथेच चाळीच्या कडेला बसून मोबाईलमधले मेसेज काढले आणि १३ ऑगस्टच्या आसपासचे आकडे जुळवले. घराकडच्या टोकाला आर्द्रता ७ तारखेपासून चढत होती. आजीला वास आला १३ ला. गॅसच्या सेन्सरने, पावसाचा भाग वजा करूनही, रेषा ओलांडली १६ ला.

वहीच्या पानांचे फोटो काढून मी ग्रुपवर टाकले. प्रोजेक्टचा ग्रुप मेनंतर बंदच पडल्यासारखा होता, वाढदिवस सोडले तर कुणी काही टाकत नव्हतं. सगळ्यात आधी पिंपरीवाल्याचा मेसेज आला, "सगळी पानं टाक, मी एक्सेलमध्ये घेतो." मग परभणीवालीने विचारलं की वास म्हणजे थोडा आणि जास्त असं आजी वेगळं सांगते का. मी आजीला जाऊन विचारलं. ती लसूण सोलत होती, म्हणाली, सांगते की, तीन प्रकारचा असतो, बस इथं.

मी वही घेऊन बसले.